धानाच्या पानातलं घड्याळ : बांधीत ४८ तास नमुने कसे घ्यायचे

माझा पहिला नमुना-संच मी स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकला. साकोलीच्या पुढे एका गावात दोन बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली वावरं, घेतल्या होत्या. एकीत पाणी भरलेलं, दुसरीतलं आठ दिवसांआधी काढून टाकलेलं. ताण पडला की धानात कोणती जनुकं जागी होतात ते बघायचं होतं. सकाळी साडेसातला पाण्याच्या बांधीतून पानं तोडली, धुऱ्यावर (बांधावर) बसून चहा झाला, ट्यूबांवर नावं घातली आणि साडेदहाला कोरड्या बांधीत उतरले. निकाल हाती आला तेव्हा एका जनुकात जवळपास वीसपट फरक दिसला. आनंद दोन दिवस टिकला. मग एका सिनियरनं विचारलं, "दोन्हीकडची पानं एकाच वेळी तोडली होती ना?" ते जनुक पहाटे चढतं आणि दुपारपर्यंत उतरतं, बांधीत पाणी असो की नसो. मी ताण मोजलाच नव्हता, साडेसात आणि साडेदहा यांच्यातलं अंतर मोजलं होतं.

हा लेख पूर्व विदर्भात धानावर काम करणाऱ्या एम.एस्सी.च्या आणि नव्यानं पीएच.डी.ला लागलेल्या मुलामुलींसाठी आहे. प्रयोगशाळा नागपूर-अकोल्यात आणि धान भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत, अशी ज्यांची विभागणी आहे त्यांच्यासाठी तर नक्कीच. जनुकांचं काम करायचं नसेल तरी वाणांची परीक्षा आणि बांधीची निवड हे दोन भाग वाचा, ते कुणालाही घरी करता येतात.

घड्याळ, कामापुरतं

१७२९ साली द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञानं लाजाळूसारखं एक झाड अंधारात ठेवलं. पानं तरीही दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. म्हणजे झाड सूर्य बघून हलत नव्हतं, त्याच्या आत काहीतरी चालू होतं. माशीमधल्या अशाच घड्याळाची जनुकं आणि त्यांचं चक्र उलगडल्याबद्दल हॉल, रोसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. वनस्पतींची जनुकं वेगळी आहेत, पण युक्ती तीच. एक जनुक दुसऱ्याला दाबतं, दुसरं उलटून पहिल्याला, आणि हा फेरा पुरा व्हायला साधारण २४ तास लागतात.

धानात पहाटेचा गडी म्हणजे ओएस-एलएचवाय. हेच जनुक ओएस-सीसीए१ या नावानंही छापलेलं सापडेल, गोंधळू नका. उजाडताना ते सर्वांत वर असतं. मोहरीच्या कुळातल्या अरेबिडॉप्सिसमध्ये दिसलेलं आहे, की हे पहाटेचं प्रथिन संध्याकाळच्या जनुकांपुढची नऊ अक्षरांची एक ठरावीक खूण पकडून बसतं आणि त्यांना उठू देत नाही. दिवस चढतो तशी पीआरआर घराण्यातली जनुकं एकामागून एक वर येतात आणि पहाटेच्या गड्याला दाबत जातात. दिवस मावळताना ओएस-पीआरआर१ ची पाळी. ओएस-जीआय दुपारनंतर चढतं. रात्री ही सगळी मंडळी ओसरली की पहाटेचं जनुक पुन्हा डोकं वर काढतं.

फुलोऱ्याचा निर्णयही या घड्याळावर टांगलेला आहे. एचडी३ए या जनुकाचं प्रथिन पानात तयार होतं, अन्नरसासोबत शेंड्यापर्यंत जातं आणि तिथे लोंबी धरायला सांगतं. जपानमधल्या नारा इथल्या को शिमामोटो यांच्या प्रयोगशाळेनं २००७ मध्ये हे धानात दाखवलं. दिवस लहान झाले की एचडी३ए पहाटेच्या सुमाराला वर येतं. दिवस मोठे असताना जीएचडी७ हे जनुक एचडी३ए ला उठवणाऱ्या ईएचडी१ ला दाबून धरतं आणि एचडी३ए उठतच नाही. २०१० मध्ये जपानी संशोधकांनी मोजलं, तर धान दिवसाच्या लांबीतला अर्ध्या तासाचा फरकसुद्धा ओळखतं. नमुना घेणाऱ्यासाठी यातला मुद्दा एकच. सकाळी १० ते ५ या ऑफिसच्या वेळेत तुम्ही कितीही पानं तोडा, एचडी३ए झोपलेलंच दिसेल.

पायरी १ : प्रश्न आधी वहीत लिहा

"धानातली सर्कॅडियन लय" हा प्रश्न होत नाही. बांधीत उजेड-अंधार रोज बदलतो, तापमान बदलतं, त्यामुळे तिथे जी लय दिसेल ती दैनिक लय. तिला सर्कॅडियन म्हणायचं तर उजेड आणि तापमान स्थिर ठेवूनही ती चालू राहिलेली दाखवावी लागते. ते खोलीतलं काम, त्याबद्दल शेवटाकडे. बांधीतला प्रश्न असा असू शकतो : भारी (उशिरा येणाऱ्या) आणि हलक्या (लवकर येणाऱ्या) वाणात एचडी३ए चढण्याच्या वेळेत आणि उंचीत फरक आहे का? दोन वाण, तीन-चार जनुकं. पहिल्या वेळी याहून मोठा घास घेऊ नका.

पायरी २ : वाणाची परीक्षा घरीच

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे जनुकांशिवाय माहीत आहे. जुनं भारी धान थोडं आधी पेरा की उशिरा, निसवतं, म्हणजे लोंबी बाहेर टाकतं, आपल्याच वेळेला. उन्हाळी धानात तेच वाण टाकून बघितलेल्यांनी हातही पोळून घेतलेत : जानेवारीनंतर दिवस मोठे होत जातात, झाड नुसतं हिरवं माजतं आणि लोंबीचा पत्ता नाही. म्हणून उन्हाळ्यात दिवसाच्या लांबीची पर्वा नसलेलीच वाणं चालतात.

तुमचं वाण कोणत्या जातीत बसतं हे कागदावर शोधत बसू नका. जूनच्या सुरुवातीपासून १५-१५ दिवसांच्या अंतरानं तीन वेळा पऱ्हे (रोपं) टाका. बादल्यांत केलं तरी चालतं, फक्त माती आणि पाणी सगळीकडे सारखं हवं. प्रत्येक खेपेत निम्म्या झाडांची पहिली लोंबी बाहेर पडली की तारीख लिहा. पहिल्या आणि तिसऱ्या पेरणीत अंतर ३० दिवसांचं आहे. निसवण्यातलं अंतरही ३० च्या जवळपास राहिलं, तर वाण दिवस मोजत नाही. ते ८-१० दिवसांवर आलं, तर मोजतं. मधलं काही आलं तर वाण मधलंच आहे, तसंही असतं. या परीक्षेला एक खरीप जातो. पण त्याशिवाय घेतलेले दोन वाण एकाच माळेतले निघाले, तर पुढचे सगळे नमुने फुकट.

वाणांची आपल्याकडे चंगळ आहे. साकोली आणि सिंदेवाहीच्या कृषी संशोधन केंद्रांची आहेत, गावोगावची जुनी आहेत. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये पटेल-३ या वाणाच्या बांधीत वेगळी दिसलेली रोपं हेरली आणि वर्षानुवर्षं निवड करून जे धान उभं केलं, त्याला नाव पडलं एचएमटी, त्या काळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळावरून. घड्याळाचा प्रयोग घड्याळाच्या नावाच्या धानावर करण्याचा मोह मलाही झाला होता. मोह ठीक आहे, पण आधी तीन पेरण्यांची परीक्षा त्यालाही द्यायला लावा.

पायरी ३ : बांधी, आणि गावातला खांब

सप्टेंबर-ऑक्टोबरात गावाला लागून असलेल्या बांधीकडे बघत जा. सगळं धान निसवलेलं असतं आणि रस्त्याच्या दिव्याच्या खांबाखाली एक हिरवागार डाग उभा असतो, लोंबीशिवाय. शेतकरी म्हणतो युरिया जास्त पडला. तसं असतं तर डाग गोल नसता. दिव्यामुळे त्या झाडांची रात्र संपलेली आहे, त्यांच्या लेखी अजून आषाढाचे मोठे दिवस चालू आहेत. डागाच्या कडेची झाडं अर्धवट निसवलेली असतात, आणि खांबापासून जसे दूर जाल तशी लोंबी भरत जाते. ग्रामपंचायतीनं हायमास्ट लावला असेल तर डाग चांगलाच मोठा होतो.

तेव्हा बांधी निवडायला दिवसा जाऊ नका. अमावस्येच्या आसपास रात्री ९ ला जा, मध्यभागी उभं राहा, १० मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. स्वतःची सावली दिसली तर ती बांधी नको. कृषीपंपाच्या पेटीवर रात्रभर जळणारा बल्ब, विटाभट्टी, रस्त्याच्या वळणावर येणारे ट्रकचे दिवे, सगळं तपासा. सकाळी पुन्हा जाऊन मोहाच्या किंवा आंब्याच्या झाडाची सावली किती वाजेपर्यंत पडते तेही बघा. धुऱ्यालगतच्या दोन-तीन ओळी सोडूनच द्यायच्या, तिथल्या झाडाला उजेड आणि वारा जास्त मिळतो.

ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही भागात वाघाचा वावर असलेल्या गावी रात्रीचा प्रयोग करूच नका. केंद्राच्या कुंपणातली बांधी मागा, नाहीतर गच्चीवर मोठ्या कुंड्या. धाडस दाखवायची ही जागा नव्हे. दुसरी गोष्ट लोक बोलत नाहीत म्हणून मी बोलते. रानडुकरांसाठी काही धुऱ्यांवर रात्री करंट सोडलेली तार असते. शेजारच्या चारही शेतकऱ्यांना घरी जाऊन भेटा, तारखा सांगा आणि तार कुठे आहे ते सरळ विचारा.

पायरी ४ : वेळापत्रक

शास्त्रीय लिखाणात वेळ घड्याळाची लिहीत नाहीत, उजाडल्यापासूनचे तास लिहितात. उजाडलं तो झेडटी ०, त्यानंतर चार तासांनी झेडटी ४. बांधीत झेडटी ० म्हणजे त्या दिवसाचा सूर्योदय. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात साकोलीकडे तो साधारण ५ वाजून ५० मिनिटांनी होतो, दिवस सुमारे १२ तास ४० मिनिटांचा असतो. वर्षातला सर्वांत मोठा दिवस इथे सुमारे १३ तास २४ मिनिटांचा आणि सर्वांत लहान पावणेअकरा तासांहून किंचित मोठा. केरळातून किंवा पंजाबातून आलेला पेपर वाचताना हे आकडे शेजारी ठेवा.

ऑगस्टचा शेवट का? लोंबी गाभ्यात धरल्यापासून बाहेर पडेपर्यंत साधारण ३० दिवस जातात. सप्टेंबरअखेर निसवणाऱ्या वाणाचा निर्णय त्याआधी महिनाभर झालेला असतो. पोटरीत आलेल्या धानात फुलोऱ्याचा निर्णय शोधणं म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका जुळवणं. वाण बदललं की महिना बदला.

चार-चार तासांनी ४८ तास म्हणजे १२ फेऱ्या. एका दिवसावर भागवू नका. चढ-उतार एकदाच दिसला तर तो ढगामुळे की घड्याळामुळे, हे सांगता येत नाही. प्रत्येक फेरीत प्रत्येक वाणाचे तीन स्वतंत्र नमुने, म्हणजे १२ गुणिले ३ गुणिले २, एकूण ७२. स्वतंत्र याचा अर्थ वेगळी झाडं, बांधीच्या वेगळ्या भागातली. एकाच पानाचे तीन तुकडे म्हणजे एकच नमुना. एकदा पान तोडलेल्या झाडाला पुन्हा हात लावायचा नाही, कारण जखमेनंही जनुकं हलतात. म्हणून १२ फेऱ्यांची झाडं आदल्या दिवशीच चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि काड्या रोवून ठेवा.

सगळी जनुकं एकदम बघणार असाल, म्हणजे आरएनए सिक्वेन्सिंग, तर दर दोन तासांनी नमुना घ्यावा लागतो. खर्च आधी जोडा, मग उत्साह.

पायरी ५ : नायट्रोजन

पान तोडल्या क्षणापासून आत बदल सुरू होतो. पिशवीत घालून नागपूरला नेलेलं पान हे चार तास अंधारात कोंडलेलं पान असतं. ते उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये काही सेकंदांत गोठलं पाहिजे.

खेड्यात नायट्रोजन कुठून आणायचा, असं विचारतात. गावातल्या म्हशींना विचारा! कृत्रिम रेतनाच्या, वीर्य भरलेल्या कांड्या त्यातच ठेवतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा दूध संघाकडे चौकशी केली की भरणारी गाडी कधी येते ते कळतं. त्यांच्या कंटेनरमधून काढून मागू नका, पातळी खाली गेली की त्यांच्या कांड्या मरतात. स्वतःचे दोन कंटेनर न्या, एक साठ्याचा आणि एक हातात धरायचा छोटा. पातळी बघायला लाकडी काडी बुडवून बाहेर काढतात, जिथपर्यंत हिम चढतं तिथपर्यंत द्रव.

एक लिटर द्रवाचा जवळपास ७०० लिटर वायू होतो. म्हणून कंटेनरचं झाकण कधीच घट्ट बंद करायचं नाही, आणि काचा चढवलेल्या गाडीत तो न्यायचा नाही. वायूला वास नाही, ऑक्सिजन कमी झाल्याचं कळायच्या आधी माणूस कोसळतो. डोळ्यांना गॉगल, हातात सैल चामडी हातमोजे, पायात बंद बूट. आट्याच्या झाकणाच्या ट्यूबमध्ये द्रव शिरला तर बाहेर काढल्यावर ती फटाक्यासारखी फुटते, त्यामुळे टोपणाला आधीच सुईनं बारीक छिद्र पाडा.

पायरी ६ : रात्रीची फेरी

सगळा प्रयोग इथे जिंकतो किंवा हरतो. २००५ मधला एक जपानी प्रयोग सांगते. लहान दिवसात वाढवलेल्या धानाला लांब रात्रीच्या मधोमध फक्त १० मिनिटं उजेड दाखवला, तर एचडी३ए दबलं. आता विचार करा, रात्री पावणेदोनला मोबाइलचा टॉर्च पेटवून तुम्ही बांधीभर पुढच्या फेऱ्यांची झाडं शोधत फिरलात, तर सकाळच्या फेरीत काय मोजणार आहात?

बाजारात "रात्रीसाठी सुरक्षित" म्हणून लाल दिव्याची हेडलाइट मिळते. ती फोटोग्राफरसाठी ठीक, झाडासाठी उलटी, कारण लाल उजेड ओळखायला झाडाकडे फायटोक्रोम बसलेलंच आहे. आपल्याला हवा मंद हिरवा. हिरवा जिलेटीन कागद टॉर्चवर तीन-चार घड्या करून रबरबँडनं बसवा. मग एक जुनी सीडी घ्या, चकचकीत बाजूवर तो उजेड पाडा आणि तिरपं बघा. इंद्रधनुष्यात लाल किंवा निळा पट्टा उरला असेल तर आणखी एक घडी. हिरवा उजेडही झाडाला अगदीच दिसत नाही असं नाही, तेव्हा तो मंद ठेवा, हाताच्या ओंजळीत ठेवा आणि झाडावर चार-पाच सेकंदांहून जास्त टाकू नका.

आणि ही माझी फजिती. दोन वाण चटकन ओळखू यावेत म्हणून मी लाल आणि काळ्या टोपणांच्या ट्यूबा घेतल्या होत्या. हिरव्या उजेडात दोन्ही काळी. पहिल्या रात्री बांधीत उभं राहून मी सहा ट्यूबा हातात फिरवत होते आणि कळेना कोणती कोणाची. तेव्हापासून एका वाणाच्या ट्यूबेला रबरबँड असतो, बोटाला कळतो. प्रत्येक फेरीच्या सहा ट्यूबा वेगळ्या पिशवीत, पिशवीला फेरीच्या आकड्याइतक्या गाठी. पेनाची शाई नायट्रोजनमध्ये उडते, म्हणून पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी आत आणि मार्करनं बाहेर, दोन्ही.

कृती अशी. मुख्य फुटव्याचं पूर्ण उघडलेलं सर्वांत कोवळं पान घ्या, आणि त्याचा मधला भाग. धानाचं पान बुडातून वाढतं, म्हणजे शेंडा म्हातारा आणि बूड पोर. कधी हे कधी ते कापलं तर वय मोजाल. ५० ते १०० मिलिग्रॅम पुरे, हाताच्या बोटाच्या पेराएवढे दोन-तीन तुकडे. कापणारा एक, ट्यूब धरणारा एक. कापल्यापासून गोठेपर्यंत २० सेकंद. सहाही नमुने १० मिनिटांत आटपले पाहिजेत, आणि दर फेरीत क्रम बदला, नाहीतर एक वाण नेहमी आठ मिनिटं उशिरा मोजलं जाईल. याची रंगीत तालीम आदल्या रात्री दुसऱ्या बांधीत करा, खरी पानं कापून.

पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट, हातात काठी, धुऱ्यावर पाय आपटत चालायचं. साप पाऊल ओळखतो. एकट्यानं कधीच नाही.

लोक विचारतात. दुसऱ्या रात्री बांधीचे मालक बाबाजी घोंगडी घेऊन येऊन बसले.

"काहून जी म्याडम, धानाले रातच्यानं का होते?"

"बाबाजी, सकाळी काय करायचं ते धान रात्री ठरवते."

थोडा वेळ गप्प. "मंग आमच्या पोरावानी नाही त्ये," म्हणाले, आणि विडी पेटवायला धुऱ्याच्या पलीकडे गेले. विडीच्या उजेडाचं मी आदल्या रात्री एकदाच सांगितलं होतं, त्यांनी लक्षात ठेवलं.

फेरीगणिक तापमान, आर्द्रता, ढग, पाऊस आणि पाण्याची पातळी लिहा. डेटा लॉगर मिळाला तर उत्तम, तो छत्रीखाली पिकाच्या उंचीवर टांगा. नागानो आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये बांधीतल्या धानाच्या पानांचे ४६१ नमुने घेऊन जनुकांची हालचाल अंदाजण्याचं गणित बसवलं. त्यात दिवसातली वेळ, तापमान, रोपाचं वय आणि सूर्यप्रकाश हीच मुख्य कारणं निघाली. म्हणजे हवामानाची वही नसेल तर निम्मं उत्तर घरी विसरून आल्यासारखं आहे.

पायरी ७ : प्रयोगशाळेत

इथे मी थोडक्यात जाते, कारण हे शिकवणारे बरेच आहेत. पान नायट्रोजनमध्येच कुटा, पूड हिरवी आणि कोरडी राहिली पाहिजे, ओली झाली की आरएनए, म्हणजे जाग्या जनुकाची नक्कल, गेला. डीएनए काढून टाकणारं एन्झाइम वापराच. २६०/२८० चं गुणोत्तर २ च्या आसपास हवं. जेलवर पानाच्या आरएनएत हरितलवकाचे जास्तीचे पट्टे दिसतात, त्याला खराबी समजू नका. उणे ८० च्या फ्रीजरला बॅकअप आहे का ते आधी विचारा, वीज जायच्या दिवशी नको.

दोन गोष्टींवर मात्र थांबते. पहिली, ७२ नमुने एका दमात होत नाहीत, दोन-तीन खेपा पडतात. पहिल्या खेपेत दिवसाचे आणि दुसऱ्या खेपेत रात्रीचे असं कधीही करू नका. दिवस-रात्रीचा फरक आणि खेपेचा फरक एकमेकांत मिसळतो आणि नंतर देवालाही वेगळा करता येत नाही. प्रत्येक खेपेत एक पूर्ण संच घ्या, सगळ्या वेळांसकट.

दुसरी, तुलनेचं जनुक. क्यूपीसीआरमध्ये, म्हणजे जनुक किती जागं आहे ते मोजण्याच्या पद्धतीत, आपण प्रत्येक जनुक एका "स्थिर" जनुकाशी मोजतो. तेच २४ तासांत वर-खाली होत असेल तर सपाट जनुकालाही लय आलेली दिसेल, उलटी. ॲक्टिन सगळे वापरतात म्हणून वापरू नका. धानात यूबीक्यू५ आणि ईईएफ-१-अल्फा यांची स्थिरता तपासून नावाजलेली आहे, दोन्ही घ्या. तरीही त्यांचे आकडे आधी तुमच्याच १२ वेळांवर मांडून सपाट आहेत का ते बघा. प्रायमरची कार्यक्षमता ९० ते ११० टक्के हवी. सीटीमध्ये (कितव्या चक्रात खूण दिसली तो आकडा) एकाचा फरक म्हणजे दुप्पट, हे गणित कार्यक्षमता १०० टक्के असेल तरच खरं.

हिशेब : ७२ नमुने, तीन जनुकं आणि दोन तुलनेची, प्रत्येकी तीन विहिरी, म्हणजे १०८० विहिरी. ९६ विहिरींच्या किमान १२ प्लेट, वर नियंत्रणं. हा आकडा गाइडला ऑगस्टच्या आधी दाखवा.

जनुकांत ओएस-एलएचवाय आणि ओएस-पीआरआर१ ही जोडी घ्याच. एक उजाडताना वर, दुसरं मावळताना. ही जोडी अशी दिसली नाही तर ट्यूबा उलटसुलट झाल्या आहेत, पुढचं काही मोजू नका. तिसरं एचडी३ए.

पायरी ८ : आलेख

आडव्या अक्षावर झेडटी, रात्रीचा भाग करडा, तिन्ही नमुन्यांचे ठिपके वेगवेगळे. सरासरीची नुसती रेघ काढली की एक वेडा ठिपका लपतो. लय आहे का हे तपासायला कोसायनॉर पद्धत किंवा जेटीके सायकल, रेन, मेटासायकल हे आर या संगणक-भाषेतले फुकट मिळणारे प्रोग्राम आहेत. चार तासांच्या अंतरानं ४८ तास मोजून "या वाणाचं घड्याळ २३.६ तासांचं आहे" असं लिहू नका, तुमची फूटपट्टी तेवढी बारीक नाही. शिखराची वेळ सांगा, उंची सांगा.

आणि शिखरांची सरासरी काढताना जपा. एका नमुन्याचं शिखर झेडटी २३ ला, दुसऱ्याचं झेडटी १ ला. एक्सेल सांगेल सरासरी १२, म्हणजे संध्याकाळ. खरी सरासरी उजाडताना आहे. वेळ गोल असते, तिला कोनांचं गणित लागतं.

खोलीतला प्रयोग, ज्यांना तो हवा त्यांच्यासाठी

रोपांना ७ ते १० दिवस १२ तास उजेड, १२ तास अंधार द्या. मग एका सकाळी दिवा लागल्यावर तो बंदच करायचा नाही, तापमानही एकच ठेवायचं. पहिले २४ तास सोडा, पुढचे ४८ तास नमुने घ्या. लय टिकली तर ती सर्कॅडियन. ऐकायला सोपं आहे. पण दिव्याची गरमी कुलरला झेपली नाही की तापमानाचं चक्र सुरू होतं, आणि तापमानावरही घड्याळ जुळतं. वीज १५ मिनिटं गेली तर झाडाला रात्र झाल्याची बातमी मिळते. इन्व्हर्टरवर दिवे आणि एसी दोन्ही चालत नसतील तर हा भाग ज्यांच्याकडे ग्रोथ चेंबर आहे त्यांच्याकडे जाऊन करा. मी तेच केलं.

लिहिताना

प्रबंधातल्या पद्धतींच्या भागात "सकाळी पानं गोळा केली" असं वाक्य शेकड्यांनी सापडतं. त्याऐवजी गाव आणि अक्षांश, तारीख, त्या दिवसाचा सूर्योदय-सूर्यास्त, झेडटी, कोणतं पान, कोणता भाग, रात्रीचा दिवा कोणता, फेरीला किती मिनिटं लागली, एवढं लिहा. चुकलेलंही लिहा. माझ्या दुसऱ्या संचात झेडटी २० च्या फेरीला सर आली, तिसऱ्या नमुन्याला १८ मिनिटं उशीर झाला आणि पान ओलं होतं. तळटीपेत ते तसंच आहे, आणि आलेखातला तो ठिपका पोकळ गोलानं काढलेला आहे.